बिलावर हरकत, नंबरावर हक्क

"संशोधनाचा विषय कसा सुचतो?" असं तुमच्यापैकी बरेच जण विचारत असता. या वेळचा विषय मला आमच्या घरच्या फ्रिजवर चुंबकाने अडकवलेल्या एका बिलावरून सुचला. रक्कम ८,४९६ रुपये. नेहमीचं बिल असतं ११८० च्या आसपास.

आमचं घर शिर्डीत आहे आणि घराला लागूनच आठ खोल्यांचं लॉज. गेल्या वर्षी पावसाळ्यात ब्रॉडबँड सारखं बंद पडायला लागलं. शेवटी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलं आणि जुन्या कंपनीला फोन करून "तुमचं काढून न्या" म्हणून सांगितलं. एक मुलगा येऊन राउटर घेऊन गेला. पुढच्या महिन्यात हे बिल आलं. आठ महिन्यांची सवलत परत वसूल : ३२००. मुदतीआधी बंद केल्याचे ५००. राउटर परत न केल्याचे २५००. त्यावर जीएसटी आणि चालू महिन्याचं भाडं. अण्णांनी ठरवलं की हे पैसे भरायचे नाहीत आणि मोबाइलसुद्धा या कंपनीतून काढायचा. पण मोबाइल आणि ब्रॉडबँड एकाच बिलात होतं. १९०० वर एसएमएस केला तर उत्तर आलं, थकबाकी असल्यामुळे कोड देता येत नाही.

अण्णांचा तो नंबर वीस वर्षांचा आहे. हैदराबाद, सुरत, चेन्नईच्या भक्तांच्या डायरीत तोच आहे, आणि पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावरही तोच. दुसरं सिम घ्या असं मी म्हटल्यावर ते म्हणाले, "अगं, नंबर बदलला म्हणजे दुकान बदलल्यासारखंच झालं की."

यात दोन हक्क समोरासमोर उभे राहिले. चुकीच्या बिलाला 'नाही' म्हणायचा हक्क आणि आपला नंबर घेऊन निघून जायचा हक्क. कागदावर दोन्ही आहेत. पण पहिला वापरायला गेलं की दुसरा अडतो. हे असं का झालं, हा प्रश्न इतिहासाचा आहे. माझं एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्समधलं आणि पीएच.डी. मोजमापाच्या उपकरणांच्या सामाजिक इतिहासावर, त्यामुळे मी सुरुवात मीटरपासून करते.

जुन्या स्ट्राउजर पद्धतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये प्रत्येक ग्राहकाच्या नावाने एक छोटा यांत्रिक मीटर असायचा. सायकलच्या किलोमीटरच्या आकड्यांसारखे त्याचे आकडे पुढे सरकत. लोकल कॉलला एक पल्स. एसटीडी भारतात १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान सुरू झालं, आणि मग अंतर जितकं जास्त तितक्या कमी सेकंदांनी पल्स पडायला लागली. ठरावीक काळाने या मीटरांचे फोटो काढायचे, मागचा आकडा वजा करायचा, आलेल्या फरकावर बिल करायचं. म्हणजे दोन महिन्यांचं सगळं बोलणं शेवटी एका वजाबाकीत मावायचं.

इथे जरा थांबा. मूळ साधन वाचताना त्यात काय आहे इतकंच आपण बघतो. त्याने काय नोंदवलेलंच नाही, हे बघायचं राहून जातं. या मीटरने कोणाला, कधी, किती वेळ फोन झाला हे नोंदवलेलंच नव्हतं. त्यामुळे "आम्ही इतके फोन केलेच नाहीत" या तक्रारीला ग्राहकाकडे पुरावा नव्हता, आणि गंमत म्हणजे खात्याकडेही नव्हता. खात्याकडे होता फक्त आकडा. मीटर वेडावाकडा उडू शकतो, वायरीवर दुसरंच कोणी जोड घेऊ शकतं, एक्स्चेंजमधला कर्मचारीही काही करू शकतो, ही शंका त्या काळच्या 'जादा बिलाच्या' प्रत्येक तक्रारीत असते आणि ती सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं. खातं फार तर वादाची रक्कम बाजूला ठेवून आधीच्या बिलांच्या सरासरीवर तात्पुरतं बिल देई. प्रत्येक कॉलची स्वतंत्र नोंद असलेलं बिल इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आल्यावरच शक्य झालं.

याउलट १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावी आलेले ते पिवळे एसटीडी-पीसीओ आठवा. (तुम्हाला आठवणार नाहीत. मलाही अगदी अंधुक आठवतात.) तिथे समोर लाल आकड्यांचा मीटर, आणि बोलणं संपलं की कागदाची चिठ्ठी. शिर्डीसारख्या गावात दर्शन झाल्यावर घरी फोन लावायला रांग असे. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा म्हणून ती रांग आणखी वाढे. रांगेतल्या अनोळखी माणसाला आपलं बिल डोळ्यांसमोर वाढताना दिसत होतं. घरी स्वतःचा फोन असलेल्या माणसाला मात्र ते दोन महिन्यांनी कळायचं. पीसीओवरचे वाद जागच्या जागी मिटले आणि घरच्या फोनचे न्यायालयात गेले, यामागे मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

बरं, भांडायचं झालं तर ते कुठे? १८८५ च्या भारतीय तार कायद्यात १९५७ च्या दुरुस्तीने कलम ७ब आलं. तारेची लाइन, उपकरण किंवा यंत्र यांबद्दल तार प्राधिकरण आणि ग्राहक यांच्यात वाद झाला तर तो लवादाने सोडवायचा, लवाद केंद्र सरकारने नेमायचा आणि त्याचा निवाडा अंतिम. म्हणजे ज्याच्याशी भांडण, त्यानेच पंच निवडायचा. आपल्या गावाकडच्या कुठल्याही चावडीवर हे चाललं नसतं! १९९६ मध्ये एम. एल. जग्गी विरुद्ध एमटीएनएल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की निवाड्यावर अपील नसलं तरी तो न्यायालयीन पुनर्विलोकनाच्या कक्षेत येतो, म्हणून लवादाने निदान कारणं तरी लिहिली पाहिजेत. कायद्यात कलम येऊन तेव्हा जवळपास चाळीस वर्षं झाली होती.

आणि निघून जायचा हक्क? तो नव्हताच. मुंबईत १८८२ मध्ये खाजगी कंपनीने एक्स्चेंज सुरू केलं, १९४३ मध्ये सरकारने ते ताब्यात घेतलं, १९८६ मध्ये मुंबई-दिल्लीसाठी एमटीएनएल झालं. शिर्डीसारख्या ठिकाणी आधी खातं आणि १ ऑक्टोबर २००० पासून बीएसएनएल. फोन मिळायला वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. लवकर हवा असेल तर 'ओन युअर टेलिफोन' योजनेत जास्त अनामत भरायची. अशा वेळी जोडणी सोडणं म्हणजे परत रांगेच्या शेपटाशी जाऊन उभं राहणं.

आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचं १९७० चं 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' हे पुस्तक तुम्ही संशोधनपद्धतीच्या पेपरसाठी कदाचित वाचाल. बिघडलेल्या संस्थेपुढे माणूस दोन गोष्टी करू शकतो, आवाज उठवतो किंवा निघून जातो. त्याला हा विचार नायजेरियाच्या रेल्वेवरून सुचला. ट्रक उपलब्ध असल्यामुळे जे ग्राहक जोरात ओरडले असते तेच आधी निघून गेले आणि रेल्वे सुधारायची राहिली. आपल्याकडच्या टेलिफोनचा पूर्वार्ध याच्या बरोबर उलटा : निघता येत नव्हतं म्हणून ओरडणं वाढलं. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली, आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा. या कायद्याच्या कलम ३ मध्ये म्हटलं होतं की हा उपाय इतर कायद्यांतल्या उपायांच्या जोडीला आहे, त्यांच्या आड येणारा नाही. मग टेलिफोन बिलाच्या तक्रारी जिल्हा मंचांकडे जायला लागल्या.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर एक व्यावहारिक गोष्ट सांगते, ती मला कोणी सांगितली नव्हती. महाराष्ट्रातल्या जिल्हा मंचांचे कितीतरी आदेश मराठीत आहेत, पण प्रतिवादीला काय म्हणायचं हे प्रदेशागणिक बदलतं. नगर-नाशिककडे बहुतेक 'सामनेवाले', पुण्याकडे 'जाबदार', मराठवाड्यात 'गैरअर्जदार', विदर्भात 'विरुद्ध पक्ष'. मी दोन आठवडे 'जाबदार' शोधत बसले आणि आमच्याच जिल्ह्याचं काही सापडेना! 'सेवेतील त्रुटी' हा शब्दप्रयोग मात्र सगळीकडे आहे, त्याने शोधा. शिवाय नगरचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तेव्हा दोन्ही नावांनी.

आता २००९. केरळमधल्या एका ग्राहकाचा फोन बिल न भरल्यामुळे तोडला होता. कोझिकोडच्या मंचाने तो जोडून द्यायला आणि ५००० रुपये भरपाई द्यायला सांगितलं. १ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी हा आदेश रद्द केला. तार कायदा हा विशेष कायदा, त्यात लवादाची सोय आहे, म्हणून ग्राहक मंचाला अधिकार नाही. याला 'कृष्णन निकाल' म्हणतात. निकाल छोटा आहे, दहा मिनिटांत वाचून होतो. पण त्यानंतर देशभरातले मंच टेलिफोनच्या तक्रारी या एका कारणावर परत पाठवू लागले. खाजगी कंपन्यांनीही तीच ढाल पुढे केली, वास्तविक त्या 'तार प्राधिकरण' नव्हेत. दूरसंचार विभागाने २४ जानेवारी २०१४ च्या पत्रात हे स्पष्ट केलं, तरी वाद संपला नाही.

तो संपवणारा खटला अहमदाबादचा. पोस्टपेड मोबाइल, मासिक भाडं २४९ रुपये, सरासरी बिल ५५५ च्या आसपास. ८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१३ या एका महिन्याचं बिल आलं २४,६०९ रुपये ५१ पैसे. ग्राहक २०१४ मध्ये जिल्हा मंचात गेला. कंपनीचं म्हणणं, कृष्णन निकालामुळे तुम्हाला अधिकारच नाही. जिल्हा मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग, सगळीकडे कंपनी हरली आणि सर्वोच्च न्यायालयात गेली. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की लवाद हा ग्राहकाला खुला असलेला एक मार्ग आहे, सक्ती नाही. तो ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. १९८६ च्या कायद्यातली 'सेवा'ची व्याख्या मुळातच एवढी रुंद होती की २०१९ च्या कायद्यात 'दूरसंचार' हा शब्द घातला म्हणून आधी तो बाहेर होता असं होत नाही.

आकडे परत बघा. एका महिन्याच्या बिलावरचा वाद, आणि आठ वर्षं फक्त 'ऐकायचं कोणी' यावर गेली. बिल बरोबर होतं की चूक, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नव्हताच. बरेच जण संदर्भ देताना 'न्यायालयाने ते बिल चुकीचं ठरवलं' असं लिहितात. तसं नाही. निकालाची बातमी वाचून संदर्भ देऊ नका, निकाल उघडून वाचा.

त्या काळात अशी बिलं फुगायची कशी, हे तुम्ही स्वतःच काढू शकता (मी या खटल्याबद्दल बोलत नाहीये, एकूण सांगते). पॅक संपल्यावर १० केबीला १० पैसे असा मूळ दर तेव्हा सर्रास असे. ऐकायला किरकोळ वाटतो. पण एक एमबी म्हणजे १०२४ केबी, म्हणजे १० रुपये २४ पैसे. एक जीबीचे होतात सुमारे साडेदहा हजार. मीटर आता अचूक होता, प्रत्येक नोंद ठेवत होता, पण माणसाच्या डोक्यात केबी हे मापच नव्हतं. ट्रायने २००६ मध्येच मीटरिंग आणि बिलिंगच्या अचूकतेसाठी नियमावली आणून लेखापरीक्षण सक्तीचं केलं होतं. पण लेखापरीक्षण बेरीज तपासतं. ती बेरीज गिऱ्हाइकाला आधी समजली होती का, हे त्यात येत नाही.

आता दुसरा हक्क. इथे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना मजा येईल. जुन्या एक्स्चेंजमध्ये नंबर हा पत्ता होता. डायल फिरवला की एकेक आकडा प्रत्यक्ष एकेक निवडक सरकवत नेई आणि शेवटी तुमच्या वायरीवर आणून सोडे. आमच्याकडचा ०२४२३ हा असाच पत्ता आहे. तो उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेणं म्हणजे घराचा सिटी सर्व्हे नंबर खिशात घालून दुसऱ्या गावाला जाण्यासारखं. पोर्टेबिलिटीने नंबराचं नाव केलं आणि पत्ता वेगळा ठेवला. हा नंबर सध्या कोणाकडे आहे हे एका सामायिक डेटाबेसमध्ये पाहायचं आणि कॉल तिकडे वळवायचा.

सिंगापूरने १९९७ मध्ये हे सुरू केलं. आपल्याकडे ट्रायची नियमावली २३ सप्टेंबर २००९ ची, म्हणजे कृष्णन निकालानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी. प्रत्यक्ष सुरुवात २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात आणि देशभर २० जानेवारी २०११ ला. एका महिन्यात एक दार बंद झालं आणि दुसरं किलकिलं झालं. दोन्ही घटना स्वतंत्र आहेत, त्यांच्यात कार्यकारण जोडण्याचा मोह मला झाला होता. माझ्या मार्गदर्शकांनी त्या परिच्छेदावर फक्त एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं. तो परिच्छेद गेला.

सुरुवातीला पोर्टिंग परिमंडळापुरतंच होतं. मुंबईचं परिमंडळ वेगळं, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा वेगळा. त्यामुळे शिर्डीचा मुलगा पुण्याला गेला तर नंबर नेता येई, मुंबईला गेला तर नाही. ती अट ३ जुलै २०१५ ला गेली. लँडलाइनला मात्र ही सोय अजूनही नाही, आणि ब्रॉडबँडमध्ये नेण्यासारखा नंबरच नसतो.

नियमावलीत पहिल्यापासून नकाराची कारणं दिलेली आहेत. पहिलंच कारण थकबाकी. २०१९ पर्यंत कोड लगेच मिळायचा आणि जुनी कंपनी नंतर नकार देऊ शकायची. १६ डिसेंबर २०१९ पासून तपासणी आधी, कोड नंतर. खोटे नकार कमी व्हावेत म्हणून केलेला हा बदल, आणि एरवी चांगलाच. पण ज्याचं बिलच वादात आहे त्याला आता पहिल्या पायरीवरच दार बंद दिसतं. वादातली रक्कम थकबाकीत धरायची की नाही, याला नियमात वेगळी जागा नाही. त्यातच आणखी एक कारण आहे : त्या क्रमांकाचं पोर्टिंग न्यायप्रविष्ट असेल तरीही नकार.

हे सगळं वाचून मी नगरला जाणाऱ्या एसटीत बसले होते, आणि नियमाचं मूळ इंग्रजी वाक्य चौथ्यांदा वाचताना एक शब्दप्रयोग टोचला. थकबाकी म्हणजे 'नेहमीच्या बिलचक्रानुसार' काढलेल्या बिलाची. आमच्या बिलातली राउटर आणि सवलत-वसुलीची रक्कम बिलचक्रातली नव्हती. ती ब्रॉडबँड बंद केल्यावर एकदाच लावलेली मागणी होती, आणि मोबाइलशी तिचा संबंध फक्त खाते क्रमांकापुरता. मी घरी येऊन एवढ्याच मुद्द्यावर पानभर अर्ज लिहिला. आधी तक्रार केंद्राचा डॉकेट क्रमांक घेतला, कारण २०१२ च्या तक्रार निवारण नियमावलीप्रमाणे त्याशिवाय अपील होत नाही. मग कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे. त्यांना निर्णयासाठी ३९ दिवस असतात. नेहमीच्या भाड्याचे ११८० रुपये आम्ही वेगळे भरले, पावतीवर 'उर्वरित रकमेवर हरकत कायम' असं कळवून.

अण्णांना हे सगळं जरा जास्तच वाटत होतं. "एवढ्यात तर आठ हजार कमावले असते," ते म्हणाले. ते चुकीचं नव्हतं. सगळ्यांनाच अर्ज लिहायला घरात पीएच.डी. करणारी मुलगी नसते. वेळ मोजला तर बहुतेक लोक भरून मोकळे होतात, आणि असे वाद नोंदीतच येत नाहीत. पुराभिलेखात जे सापडतात ते हट्टी लोक, हे तुमच्या नमुन्याच्या मर्यादांमध्ये लिहून ठेवा.

चौतिसाव्या दिवशी उत्तर आलं. सवलतीची वसुली आणि मुदतीआधीचे ५०० माफ, कारण ती अट सांगितल्याची नोंद त्यांच्याकडेही नव्हती. राउटरचे २५०० मात्र कायम. तो मुलगा राउटर घेऊन गेला होता, पण आमच्याकडे पावती नव्हती. त्याचं नावही कोणी विचारलं नव्हतं. आई म्हणाली, "मी त्याला चहा दिला होता." चहाची नोंद कुठेच नाही.

अण्णांनी राउटरचे पैसे जीएसटीसकट भरले, २९५० रुपये, आणि दुसऱ्या दिवशी कोड आला. आयोगात जायचं का, असं मी विचारलं. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, दाखलही ऑनलाइन होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ च्या कायद्याची जागा घेतली आहे. नव्या कायद्याच्या कलम ३० मध्ये, ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागण्याच्या हक्काला बाधा येणार नाही, असं सरळ लिहिलंय. म्हणजे त्या आठ वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर आता कायद्यातच आहे. अण्णा म्हणाले, बघू दिवाळीनंतर. दिवाळी गर्दीची, मग नाताळ, मग नवं वर्ष.

मोबाइल नव्या कंपनीत नीट चालू आहे, नंबर तोच. पाटीवर त्याच्या खाली जुना ०२४२३ चा नंबर अजून रंगवलेला आहे. ती लँडलाइन आम्ही कधीच बंद केली, ती कुठे नेता येत नव्हती. वर्षातून एखादा म्हातारा भक्त येतो आणि सांगतो, तुमचा फोन लागत नव्हता म्हणून सरळ निघूनच आलो.